टप, कापड, लाल

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी असावी. ही माफी मागायची मला आता सवय झाली आहे. याच अक्षरापायी आमच्या मोटारीला टप उरला नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. ही वही कुणाला दाखवायची नाही, तांदळाच्या डब्यात खाली ठेवायची आहे. (त्या डब्यात माझ्याशिवाय घरातलं कुणी हात घालत नाही. पुरुषांना तर तो डबा कुठे असतो हेही माहीत नाही.) पण झालं ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, कारण गावात हीच गोष्ट आता चार तऱ्हांनी सांगतात आणि चारही तऱ्हांत मी येडी ठरते. खरं काय झालं ते मी सांगते. त्यातही मी येडीच ठरते, पण निदान कारण कळेल.

आमचे मालक फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार होऊन पेन्शनीवर आले. इतकी वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, आता एक स्वतःची पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. अशा वेळी माणसं नवी गाडी घेतात. यांनी वाईतल्या एका वकिलांच्या गोठ्यातून मोटार आणली. वकिलांच्या वडिलांनी कधीकाळी घेतलेली होती. गोठ्यात तिच्या शेजारी एक म्हातारी गाय होती, ती मोटारीपेक्षा बरी चालत होती.

मोटार टेंपोत बसून आमच्या दारात आली. क्रीम रंग, गोल डोळे, फुगलेले गाल. अगदी आमच्या थोरल्या नणंदेसारखी.

"व्हिंटेज हाय, व्हिंटेज!" हे म्हणाले.

"म्हंजी काय?"

"म्हंजी जेवढी जुनी, तेवढी किंमत जास्त."

मी घरात जाऊन आरशात बघून आले. आमच्या घरी हा नियम फक्त मोटारीला लागू होता.

मी आत बसून पाहिलं. टपाला आतून जे कापड लावलेलं असतं, ते सुटून खाली लोंबत होतं. बसल्याबरोबर डोक्यावर आलं. म्हणजे या गाडीत बाईला पदर घ्यायची गरज नव्हती, गाडीच पदर देत होती. समोरच्या फळीत उंदरांनी संसार थाटला होता.

"ह्ये आधी काढा," मी म्हटलं.

"कशाला हात लावायचा न्हाई," हे म्हणाले. "सगळं ओरिजनल हाय."

"उंदीर पन?"

तिथून पुढे पंधरा दिवस आमच्या घरात "ओरिजनल" या एका शब्दावर भांडणं झाली.

भांडायला दुसरी बाजू लागते. ती सांगलीहून आली. माझे धाकटे दीर, प्रकाशभाऊजी. ते सांगलीत लग्नाचे मांडव आणि लायटिंग करतात. लायटिंग नाही अशी कुठलीही वस्तू त्यांना अर्धवट वाटते. (सासूबाईंच्या तेराव्याला त्यांनी अंगणात रंगीत माळ सोडली होती. मिचमिच करणारी! भटजी दोनदा मंत्र चुकले.) त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली.

"दादा, एसी बसवू. मागं क्यामेरा. खालनं निळी लायट. पुढं मोठा स्क्रीन. शिटा अशा करू का, बटान दाबलं की मानूस झोपलाच पायजे."

"झोपायला खाट हाय घरात."

"आरं पन अपडेट नको का करायला?"

"प्रकाश, ही काय तुजा मांडव हाय? ओरिजनल म्हंजी ओरिजनल. खिळा सुदीक जुना लागंल."

"मग ढकलायला मानसं पन जुनी आन!"

चौथ्या दिवशी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एकाच ओसरीवर बसून ते माझ्यामार्फत भांडायला लागले. "वैनी, दादाला सांगा, बिगर एसीच्या गाडीत कुत्रं बसत न्हाई." "शालन, त्याला सांग, कुत्र्यासाठी न्हाई घेतली." मी दोघांना चहा देत होते आणि दोघांनाही "व्हय" म्हणत होते. मी बुजरी आहे. समोरच्याला "न्हाई" म्हणायचं तर माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून मी सगळ्यांना "व्हय" म्हणते. आजवर या सवयीने माझं फारसं बिघडलं नव्हतं.

शेवटी भाऊजींच्या ओळखीच्या, सांगलीच्या गॅरेजवाल्या बाबूमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाले, "काम लय हाय."

घासाघीस होऊन तीनच कामांवर दोघा भावांचं एकमत झालं. दिवे लागले पाहिजेत. ब्रेक लागले पाहिजेत. आणि टपाला आतून नवं कापड, लाल रंगाचं. लाल अशासाठी, की कोपऱ्यात जुन्या कापडाचा एक तुकडा शिल्लक होता आणि तो लाल होता, म्हणजे ओरिजनल झालं. भाऊजींना लाल रंग आवडतो, म्हणजे अपडेट झालं. या तीन कामांना, इंजिनची साफसफाई धरून, मिस्त्रींनी साठ हजार सांगितले.

यांच्याजवळचे पैसे गाडी घेण्यातच संपले होते. आता राहिला माझा बचत गट.

गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला शाळेच्या व्हरांड्यात असते. आमच्या अध्यक्षीण सुलाक्का. आवाज असा, की व्हरांड्यात बोलल्या तर पारावरची माणसं उत्तर देतात. मी सहा वर्षं गटात आहे, पण तोपर्यंत बैठकीत एक शब्द बोलले नव्हते.

"शालन, कर्ज कशापायी पायजे?" सुलाक्कांनी विचारलं. वीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या घशातून फक्त "म..." एवढंच आलं. मोटार म्हणायचं होतं.

"म्हस?" सुलाक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, "व्हय."

"ब्येस! बाईनं म्हस घ्यावी," असं म्हणून त्यांनी वहीत लिहून टाकलं. शेजारच्या मंगल आणि हौसा मला जामीन राहिल्या. हौसाने तर येताना विचारलं, मुऱ्हा घेणार का पंढरपुरी. मी "व्हय" म्हटलं.

आता कामाची यादी लिहायची होती. यांनी लिहिली तर भाऊजी म्हणणार, मुद्दाम काहीतरी गाळलं. भाऊजींनी लिहिली तर हे म्हणणार, एसी घुसवला.

"शालन, तू लिव," हे म्हणाले. "तू कुनाच्याच बाजूची न्हाईस."

घरात कोरा कागद नव्हता. दूध डेअरीची पावती सापडली, तिची मागची बाजू घेतली. ती पावती तीन बोटं रुंद असते आणि माझं एक अक्षर अर्धं बोट खातं. पण मी नेटाने लिहिलं. आमचे गुरुजी सांगायचे, मुद्दे पाडताना कंसात अ, ब, क, ड असं घालावं. त्याप्रमाणे मी अ घालून दिवे लिहिले, ब घालून ब्रेक लिहिले आणि क घालून "टप कापड लाल" लिहायला घेतलं. "टप काप" पर्यंत आले आणि कागद संपला. मग उरलेलं खालच्या ओळीवर घेतलं. "ड लाल."

मला वाटलं, छान झालं. चौथीचं शिक्षण कामाला आलं. भाऊजींनी न वाचताच ती पावती गाडीच्या काचेला चिकटवली आणि गाडी टेंपोतून सांगलीला गेली.

आठ दिवसांनी घरच्या फोनवर बाबूमिस्त्रींचा फोन आला. हे शेताकडे गेले होते. मी परक्या माणसाशी फोनवर कधी बोलत नाही, पण तो वाजायचा थांबेना.

"वैनी, त्ये 'क' घालून जे लिवलंय, त्ये खरंच करायचं?"

"व्हय."

"न्हाई म्हंजी, येकदा केलं की माघारी न्हाई बगा."

मला वाटलं, कापड डिंकाने चिकटवत असतील. "चालंल की," मी म्हटलं.

"आन् पावसात?"

आता आतल्या कापडाला पावसाचं काय? पण मिस्त्री शिकलेला माणूस. "बगू पावसाचं," मी म्हटलं.

"मालकास्नी इचारलंय न्हवं?"

"त्यांनीच तर सांगितलंय."

मिस्त्री म्हणाले, "लय धाडसाचा मानूस हाय, वैनी," आणि फोन ठेवला.

हे शेतातून आल्यावर मी सांगितलं, "मिस्त्री तुमचं लय कवतिक करत हुतं." हे खूश झाले. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गाडी आली ती ताडपत्रीत गुंडाळून. दारात टेंपो उभा राहिला. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात नारळ होता. भाऊजी खास सांगलीहून फटाक्याची माळ घेऊन आले होते. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी. बाबूमिस्त्रींनी ताडपत्री ओढली.

गाडी लाल होती. कापड नव्हे, गाडी! पुढून लाल, मागून लाल, दारं लाल. आणि वर काहीच नव्हतं. काचेच्या वर थेट आभाळ होतं.

भाऊजींनी माळ आधीच पेटवली होती. ती आता थांबेना. ती संपेपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे होतो.

"टप कुटं हाय?" हे म्हणाले. फौजेतल्या माणसाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"टेंपोत हाय की मागं," मिस्त्री म्हणाले. "तुमची वस्तू मी कशाला ठिवू?"

"आरं, पन कापला कशापायी?"

मिस्त्रींनी खिशातून डेअरीची पावती काढली. घडी उलगडून सगळ्यांना दाखवत, शाळेत धडा वाचतात तसं वाचलं. "अ, दिवे. ब, ब्रेक. क, टप काप. ड, लाल." मग वर बघून म्हणाले, "आता ह्यात माजं काय चुकलं? उलट ड ला कंस घालायचा राहिला हुता, तरी मी समजून घेतलं. लाल कंचा त्ये लिवलं न्हवतं, म्हनून आपला यष्टीचा लाल मारला. शिल्लक हुता. त्याचं पैसं लावलं न्हाईत."

हे सावकाश माझ्याकडे वळले. भाऊजी वळले. टेंपोवालाही वळला, त्याचा काय संबंध होता कोण जाणे.

"कापड हुतं त्ये," मी म्हटलं. "ड खाली गेला."

"आवं वैनी, मग फोनवर इचारलं तवा?"

मी ओवाळायच्या ताटाने तोंड झाकलं. निरांजन पेटलेलं होतं हे विसरले. पुढचे केस थोडे जळाले. तेवढ्यामुळे त्या दिवशी मला कुणी जास्त बोललं नाही.

पहिल्यांदा भाऊजींना कंठ फुटला. "दादा, खरं सांगू? मुंबईत ह्यासाठी लाख लाख मोजत्यात!"

"तोंड बंद कर. ओरिजनल काय ऱ्हायलं हिच्यात?"

"ब्रेक," मिस्त्री म्हणाले. "ब्रेकला मी हात लावला न्हाई. चांगलं हुतं."

टप मात्र वाया गेला नाही. तो घरामागच्या परड्यात शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, ढिगावर घातला. आमच्याइतक्या कोरड्या शेणी त्या साली गावात कुणाकडे नव्हत्या.

पाच तारखेच्या बैठकीला मी पोट दुखतं म्हणून गेले नाही. तर सुलाक्काच घरी आल्या. बरोबर वही, मंगल, हौसा आणि आठ-दहा बायका. नव्या म्हशीला वाहायला हळदकुंकू घेऊन!

"म्हस कुटं बांदलीया?" सुलाक्कांनी विचारलं.

अंगणात लाल मोटार उभी होती. तिच्या मागच्या सीटवर आमची कोंबडी बसली होती. सुलाक्कांनी गोठ्यात पाहिलं, परड्यात पाहिलं, शेणींवरचा टप पाहिला, परत येऊन मोटारीपुढे थांबल्या.

"शालन, ही म्हस हाय?"

मी म्हटलं, "व्हय."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मंगल आणि हौसा हसल्या नाहीत, कारण जामीन त्या होत्या. सुलाक्काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्याला कर्ज, त्यालाच लावायचं. न्हाई तर सगळं येकदम भरायचं, न्हाई तर जामीनदारांनी भरायचं. नियम तुला ठावं हाय."

हौसाचा चेहरा पांढरा पडला. तिच्या घरी तीन माणसं एका रोजगारावर जेवतात. माझ्या "व्हय"मुळे तिच्या चुलीवर गदा येणार, हे पाहून मला पहिल्यांदा खरं रडू आलं. मी म्हटलं, "आक्का, बुडवनार न्हाई. हप्त्यानं घ्या."

"बारा हप्तं," सुलाक्का म्हणाल्या. "पाच हजार आन् वर व्याज. येक चुकला की ही म्हस भंगारात. वजन करताना मी सोता उबी ऱ्हानार." आणि आणलेलं हळदकुंकू वाया जाऊ नये म्हणून बॉनेटला लावून गेल्या.

पहिला हप्ता दुधाच्या पैशातून भरला. दुसऱ्याला मी माझी पैंजणं मोडली. हे बघून यांनी गाडी विकायला काढली, पण बघायला येणारा प्रत्येक जण आधी वर बघायचा आणि मग हसायचा. भाऊजींनी सांगलीतल्या एका लग्नात नवरीसाठी लावून बघितली. नवरीच्या मामाने विचारलं, "वरचं कुटाय?" भाऊजी म्हणाले, "उद्या येतंय." गाडी तशीच परत आली.

तिसऱ्या हप्त्याला आठ दिवस राहिले होते आणि घरात हजार रुपये होते. त्या रविवारी इंजिन गरम करायला म्हणून हे गाडी बाहेर काढत होते, मला म्हणाले, बस. कराडच्या रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी थांबलो. तिथून एक माणूस पळतच आला.

"आवं, ही उगडी गाडी भाड्यानं मिळंल का? माजा भाऊ सुबेदार हाय, रिटायर हून घरी यायलाय. मिरवणूक काढायची हाय. उगड्या जिपा सगळ्या बुक झाल्यात. टॅक्टरात उबा करायचा का त्याला?"

आमच्याकडे जवान पेन्शनीवर आला की गाव वेशीपासून वाजतगाजत नेतं. उघड्या गाडीत उभा करून, गळ्यात हार घालून. आमच्या यांची मिरवणूकही निघाली होती. पुढे हे ट्रंक घेऊन, मागे मी पिशवी घेऊन, एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत. त्या सालात आमच्या गावाला ही पद्धत अजून पोचली नव्हती.

"ही व्हिंटेज हाय," हे छाती काढून म्हणाले. "भाड्याची न्हवं."

माणूस वळला. आणि माझी टाळूला चिकटलेली जीभ सुटली.

"मिळंल!" मी ओरडले. चहावाल्याच्या हातातली गाळणी खाली पडली. "पाच हजार. पेट्रोल तुमचं."

"मालक कोन हाय नक्की?" त्या माणसाने विचारलं.

"गाडीचं ह्ये," मी म्हटलं. "कर्जाची मी."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शेजारी दुसरीच कुणी बाई येऊन बसली आहे.

मिरवणुकीला मीही गेले, पैसे हातात घ्यायला. यांनी फौजेतली मेडलं लावली होती. सुभेदार मागच्या सीटवर उभे राहिले, बायकांनी फुलं टाकली, पुढे लेझीम. लेझीमच्या चालीने गाडी न्यायची म्हणजे गोगलगायीपेक्षा हळू. मारुतीच्या देवळापाशी इंजिन तापलं आणि पुढून वाफ निघाली. लोकांना वाटलं, ही पण व्यवस्था आहे. टाळ्या वाजल्या! यांनी खाली उतरून, सुभेदारांच्या पायावर घालायला आणलेली पाण्याची घागर बायकांच्या हातातून घेतली आणि गाडीत ओतली. सुभेदार कोरड्या पायांनी घरात गेले.

परत येताना मी यांना म्हटलं, "टप असता तर सुबेदार उबं कुटं ऱ्हायलं असतं?"

यांनी आधी मागे वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना. मग म्हणाले, "कुनाला सांगू नगंस, पन मज्जा आली."

फौजी माणसांचे फोन एकमेकांना सतत चालू असतात. पुढच्या महिन्यात खंडाळ्याकडून बोलावणं आलं, मग जतकडून. हे बाहेर सांगायला लागले की टप आपणच विचार करून काढला. भाऊजी म्हणायला लागले की कल्पना त्यांची. मिस्त्रींनी तर दुकानात गाडीचा फोटो लावला. माझं नाव कुणी घेत नव्हतं, आणि मला ते बरंच वाटत होतं.

बारावा हप्ता भरायला मी स्वतः गेले. नोटा खजिनदारबाईंपुढे ठेवल्या. हौसा माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती, पहिल्यांदा सैल. सुलाक्का म्हणाल्या, "एकबी हप्ता चुकला न्हाई. शालन, उबी ऱ्हा आन् चार शब्द बोल. बाकीच्यास्नी कळू दे."

मी उभी राहिले. चार शब्दांचे नऊ झाले. म्हटलं, "कुनाला गाडीच्या कामाची यादी लिवून पायजे आसंल, तर सांगा."

बायका एवढ्या हसल्या की खजिनदारबाईंची मोजणी चुकली. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजले. पुरे भरले.